पिस्तूल कुठलं घेऊ?

भोरमध्ये कुणाला 'मी शूटिंग शिकतोय' असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या पिक्चरचं?" त्याची काही चूक नाही म्हणा. आमच्या राजवाड्यात आजवर इतकी सिनेमांची आणि मालिकांची शूटिंगं झाली आहेत की भोरकराला त्या शब्दाचा दुसरा अर्थ पटकन सुचतच नाही. वेल्ह्याला मामाकडे मात्र उलटा प्रकार. (वेल्हे म्हणजे राजगड तालुका. २०२४ साली मंत्रिमंडळाने नाव बदलायचा निर्णय घेतला, पण मामाच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.) तिथे शूटिंग म्हणजे बंदूक, बंदूक म्हणजे भातात घुसणारं रानडुक्कर. आणि पिस्तूल म्हणजे जमिनीचे व्यवहार करणारा, पांढऱ्या गाडीतून उतरणारा, शर्टाखाली कंबरेला काहीतरी फुगलेलं असणारा माणूस.

गेलं दीड वर्ष या दोन अर्थांच्या मधे माझं सँडविच झालंय. कारण मला पिस्तूल घ्यायचं होतं, आणि ते खेळायला घ्यायचं होतं. हे एकदा सविस्तर लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. या शनिवारी सकाळपासून पाऊस आहे, कात्रजच्या पुढे जायची इच्छा नाही, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

सुरुवात अर्थातच यूट्यूबपासून झाली. रात्री दोनला डिप्लॉयमेंट चालू होतं, बिल्ड लागायला वीस मिनिटं होती आणि समोर एक व्हिडिओ आला. एक बाई, साधारण चाळिशीची, कंबरेला होल्स्टर. 'बीप' वाजतो आणि ती धावत सुटते. खिडकीतून दोन गोळ्या, दाराआडून चार, पळता पळता मॅगझिन बदललं, खाली बसून आणखी सहा, संपलं. पंचवीस सेकंद. नंतर तिने पिस्तूल रिकामं करून पंचांना दाखवलं, होल्स्टरमध्ये ठेवलं आणि हसत हसत टार्गेटं मोजायला गेली. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. बिल्ड फेल गेलं होतं हे मला सकाळी कळलं.

या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्थापन झाली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, पण जगभर खेळतात. आपल्यासारख्या लोकांना तो आवडायचं कारण सोपं आहे. त्याचं स्कोअरिंग इंजिनियरने लिहिल्यासारखं आहे. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, बस. याला हिट फॅक्टर म्हणतात. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर मधल्या ए भागाला ५ गुण, त्याबाहेरच्या सी भागाला ३, डी भागाला १, आणि नेम पूर्ण चुकला तर वजा १०.

उदाहरण घ्या. बारा टार्गेटं आहेत, प्रत्येकावर दोन गोळ्या, एकूण चोवीस. एकाने चोवीसच्या चोवीस ए मारले, १२० गुण, पण ३० सेकंद लावले. हिट फॅक्टर ४. दुसऱ्याने वीस ए आणि चार सी मारले, ११२ गुण, पण २४ सेकंदात. हिट फॅक्टर ४.६७. दुसरा जिंकला. म्हणजे नुसता अचूक असून भागत नाही, नुसता वेगवान असूनही नाही. दोन्हींचा तोल कुठे साधायचा हे दर वेळी समोरची रचना बघून ठरवायचं. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला हे सूत्र दाखवायची फार इच्छा आहे.

तर मंडळी, मी जे कुठलाही आयटीवाला करेल तेच केलं. एक्सेल शीट उघडली. सीझेड शॅडो २, ग्लॉक १७, ग्लॉक ३४, टॅनफोग्लिओ... वजन, बॅरलची लांबी, ट्रिगर, मॅगझिन, किंमत. शॅडो जड, साधारण १.३ किलोची, स्टीलची. वजनामुळे धक्का कमी जाणवतो आणि दुसरी गोळी लवकर मारता येते. ग्लॉक हलकं, प्लॅस्टिकच्या फ्रेमचं, बिचारं काहीही झालं तरी चालतं. तीन आठवडे मी या तुलनेत घालवले. कंडिशनल फॉरमॅटिंगसुद्धा केलं होतं, हिरवं-पिवळं-लाल.

आणि मग चौथ्या आठवड्यात कायदा वाचला. (हो, हे आधी करायला हवं होतं. रिक्वायरमेंट न वाचता कोडिंग सुरू करणारे आपण पहिलेच नाही.)

वर लिहिलेली बहुतेक सगळी पिस्तुलं ९ बाय १९ म्हणजे ९ एमएम पॅराबेलमची आहेत. हा आपल्या देशात प्रतिबंधित बोअर आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात, तुम्हाआम्हाला साध्या परवान्यावर ते मिळत नाही. सामान्य माणसाला परवान्यावर पिस्तूल मिळतं ते बहुतेक वेळा .३२ बोअरचं. 'थर्टी टू'. पुणे जिल्ह्यात कंबरेला दिसणाऱ्या कायदेशीर पिस्तुलांपैकी बहुतेक याच जातीची.

मग ते थर्टी टू घेऊन हा खेळ खेळता येईल का? इथे गणित करून बघू. आयपीएससीत गोळीची किमान ताकद ठरलेली आहे, तिला पॉवर फॅक्टर म्हणतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. उत्तर किमान १२५ यायला हवं. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांच्या वेगाने गेली तर १३० येतं, पास. थर्टी टूच्या पिस्तुलाची गोळी साधारण ७१ ग्रेनची, वेग ९०० फुटांच्या आसपास. उत्तर ६४ सुद्धा येत नाही. म्हणजे पासिंगच्या निम्म्यावर आपली गाडी अडकते. शिवाय पिस्तुलाच्या गोळीचा व्यास किमान ९ मिलिमीटर हवा हा नियम वेगळाच. तेव्हा केटी लागण्याचाही प्रश्न नाही, परीक्षेलाच बसता येत नाही.

शीट बंद केली. दोन दिवस चिडचिड केली. आणि तिसऱ्या दिवशी, नेमका शनिवार होता म्हणून, वेल्ह्याला गेलो.

मामाकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. आजोबांच्या काळापासूनची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. घरात तिचा मान देवघराच्या खालोखाल. मामाला मी माझं दुःख सांगितलं. तो पडवीत सुपारी कातरत बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, पॉवर फॅक्टरसकट, आणि म्हणाला, "एवढंच व्हय? पिस्तूलच पायजे ना? काढू की लायसन. जिवाला धोका हाय म्हणून अर्ज करायचा. वळखीचं पत्र मी आणतो."

"मामा, मला कसला धोका?"

"अरं, लिहायला काय जातंय? जमीन हाय, भाऊबंदकी हाय. नसंल तर व्हईल." स्वतःच्याच विनोदावर तो खूप हसला.

आता खरं सांगतो, मी त्या रात्री गंभीरपणे विचार केला. बोनस आला होता. अडीच लाख बाजूला होते. मामाचं ऐकलं असतं तर कदाचित वर्षभरात परवाना हातात आला असता. मित्रांमध्ये भाव वाढला असता तो वेगळाच. आणि मनात एक आवाज म्हणत होता, की निदान सुरुवात तर होईल, सराव तर करता येईल.

हा जो आवाज आहे ना, त्याच्याबद्दलच मला हा लेख लिहायचाय. कारण तो माझ्या एकट्याचा नाही. माझ्या वयाच्या, माझ्या पगाराच्या किमान चार जणांनी मला गेल्या वर्षभरात विचारलंय, "शूटिंग करायचंय, पिस्तूल कुठलं घेऊ?" आणि खोदून विचारलं की कळतं, चौघांपैकी तिघांना हवंय ते थर्टी टूच. खेळ हे निमित्त.

माझं म्हणणं असं आहे की थर्टी टू घेऊन 'सराव' करणं ही स्वतःची फसवणूक आहे. पहिली गोष्ट, सराव करणार कुठे? भोर-वेल्ह्याच्या माळावर जाऊन बाटल्या फोडणं हा सराव नाही, गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत 'ठो' करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. दुसरी गोष्ट, गोळ्या. किती घेता येतील तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. प्रॅक्टिकल शूटिंगची एक मोठी स्टेज बत्तीस गोळ्यांची असू शकते. अशा पाच-सहा स्टेजेस केल्या की वर्षाचा कोटा संपायची वेळ. इतक्या गोळ्यांत कुणी नेमबाज होत नाही. महिन्यातून दोनदा गिटार हातात घेऊन कोणी वादक झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खेळातलं पिस्तूल आणि कंबरेचं पिस्तूल यांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तो पहिला व्हिडिओ पुन्हा बघा. ती बाई पळताना तिचं बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर आहे. नळीचं तोंड ठरलेल्या कोनाच्या बाहेर एकदाही जात नाही. पिस्तूल हातातून पडलं, नळी चुकून स्वतःकडे वळली, तर त्या क्षणी संपूर्ण मॅचमधून बाहेर. तुम्ही कितीही मोठे चॅम्पियन असा. पंचांनी सांगेपर्यंत पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे या खेळात पिस्तूल जवळ असणाऱ्याला सगळ्यात जास्त बंधनं. आणि आमच्याकडे? पिस्तूल जवळ असलं की आपल्याला बंधनं लागू नाहीत, असं वाटून घेण्यासाठीच ते घेतात. हा फरक कुठल्याही बोअरच्या फरकापेक्षा मोठा आहे.

आणि अर्जात खोटं लिहून ज्या खेळाची सुरुवात होते, तो खेळ मला कुठे नेणार होता?

सकाळी मामाला म्हटलं, "नको मामा, तुमचं पत्र राहू द्या." तो दिवसभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याने आपण होऊन शब्द टाकायची तयारी दाखवली होती आणि भाचा नाही म्हणाला. आमच्याकडे हे साधं नसतं. आईने फोनवर मलाच झापलं.

पुण्यात परत आल्यावर मात्र सरळ बालेवाडीला गेलो. हिंजवडीत आठ वर्षं नोकरी केली, रोज त्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलाच्या जवळून जातो, पण १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या त्या संकुलात नेमबाजीची रेंज आहे आणि तिथे माणसं रोज सराव करतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे इथेच सराव करायचा. म्हणजे ऑलिंपिक पदक माझ्या ऑफिसपासून काही किलोमीटरवर तयार होत होतं आणि मी सीझेडच्या वजनाची शीट करत होतो.

एका ओळखीच्यांनी मला रेंजवर नेलं. त्यांना म्हटलं, "सर, पिस्तूल कुठलं घेऊ?" ते म्हणाले, "घेऊ नका. सहा महिने घेऊ नका." आणि क्लबचं एक जुनं एअर पिस्तूल हातात दिलं.

इथे थोडं तांत्रिक लिहितो, कारण ज्यांना खरंच खेळायचंय त्यांच्या उपयोगाचं आहे.

१० मीटर एअर पिस्तूल हा आपल्याकडचा नेमबाजीत शिरायचा सरळ दरवाजा. ४.५ मिलिमीटरचे छर्रे, दाबलेल्या हवेवर चालतं, गोळीही नाही, बारूदही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा ५-६ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे, एका हाताने, उभं राहून. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त दीड किलो, ट्रिगरचं किमान ५०० ग्रॅम. दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. शर्टाचं बटण समजा, दहा मीटरवर.

आता निवड. स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ ही यातली मोठी नावं, मी चौकशी केली तेव्हा नवीन पिस्तूल दीड ते अडीच लाखांच्या घरात. यातलं कुठलंही घेतलं तरी ते तुमच्यापेक्षा जास्त अचूक असणार आहे. पुढची काही वर्षं तरी तुमचा नेम चुकला तर त्यात पिस्तुलाचा दोष नसेल. मग बघायचं काय?

पहिलं म्हणजे ग्रिप. लाकडी मूठ एस, एम, एल अशा मापांत येते, डावखुऱ्यांची वेगळी. तपासायची एक सोपी युक्ती सरांनी शिकवली. पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरा, डोळे मिटा, हात खाली घ्या, पुन्हा वर आणा, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली असेल तर मूठ तुमची आहे. डावीउजवीकडे सरकली असेल तर ती मूठ तुमच्या मनगटाशी रोज भांडणार. मी पाच पिस्तुलांवर हे केलं. माझ्या शीटमध्ये ज्याला सगळ्यात कमी मार्क होते, ते माझ्या हातात सगळ्यात नीट बसलं. (शीट डिलीट केली.)

दुसरं, तोल. नुसतं वजन बघू नका, वजन कुठे आहे ते बघा. काहींना पुढे जड असलेलं पिस्तूल स्थिर वाटतं, माझा हात चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर खाली यायला लागतो. हे दुकानात दोन मिनिटं धरून कळत नाही, म्हणून तर ते सहा महिने.

तिसरं, ट्रिगर. मेकॅनिकल का इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक फार मऊ आणि एकसारखा, पण बॅटरी आणि सर्किट आलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे शक्य तिथे सॉफ्टवेअर आणि सर्किट टाळतो. मेकॅनिकल घेतलं.

चौथं, दुरुस्ती आणि सुटे भाग. याचं महत्त्व कुणाला पटत नसेल तर टोकियो आठवा. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच मनू २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. तिच्याजवळ पूर्ण टीम होती तरी हे झालं. आपल्याजवळ कोण आहे? तेव्हा ज्याचे वॉशर आणि सील पुण्या-मुंबईत मिळतात, ज्याला उघडू शकणारा माणूस रेंजवर आहे, ते पिस्तूल घ्या. माझं मत विचाराल तर ब्रँडपेक्षा हे दहापट महत्त्वाचं.

पाचवं, सेकंडहँड घेत असाल तर हवेचं सिलिंडर उलटून त्यावरची तारीख वाचा. स्पर्धेसाठी सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं असते. मी एक सौदा जवळजवळ पक्का केला होता, पिस्तूल चकचकीत, मालक गोड बोलणारे, 'फारसं वापरलेलंच नाही हो'. खरंच वापरलं नव्हतं. अकरा वर्षं. दोनशे बार दाबाने हवा भरायची त्या नळकांड्यात, आणि ते आपल्या मनगटाच्या पुढे वीतभर अंतरावर. नमस्कार करून परत आलो. दोन महिन्यांनी दुसरं मिळालं, एक लाख दहा हजाराला.

असो. यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "हे काय, छर्ऱ्यांचं खेळणं! आम्हाला पळत पळत मारायचंय." मीही हेच म्हणालो होतो. सरांनी उत्तर दिलं नाही, मला २५ मीटरच्या रेंजवर उभं केलं. तिथे .२२ च्या पिस्तुलाने एक मुलगी सराव करत होती. हात खाली पंचेचाळीस अंशात. टार्गेट तीन सेकंदांसाठी दिसतं, तेवढ्यात हात वर, एक गोळी, हात खाली. सात सेकंद थांबायचं. पुन्हा तीन सेकंद. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच वेगवेगळ्या टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार! लंडनला २०१२ साली विजय कुमारने याच प्रकारात रौप्य मिळवलं होतं. वेग हवा ना? हा घ्या वेग.

आणि थर्टी टूबद्दल एक गंमत. माझं वरचं गणित वाचून त्या कॅलिबरची कीव करू नका. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचं कॅलिबर चालतं, आणि तिथे .३२ ची सपाट डोक्याची गोळी वापरणारी खास पिस्तुलं आहेत. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये याच सेंटर फायरचं सुवर्ण मिळवलं. कॅलिबर साधारण तेच. पण ते पिस्तूल कंबरेला लावायचं म्हटलं तर चालताच येणार नाही, आणि कंबरेचं पिस्तूल घेऊन तिथे उभं राहिलात तर टार्गेटच्या आसपासची माती तेवढी उडेल.

आपल्या मराठी माणसांपुरतं बोलायचं तर कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे बघा. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये २५ मीटर पिस्तुलात अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण, २०१३ ला चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण, २०१४ ला ग्लासगोत पुन्हा सुवर्ण आणि २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. 'पोरीच्या हातात पिस्तूल' हे चित्र कोल्हापूरने कधीच पचवलंय. भोर-वेल्ह्यात ते अजून यायचंय.

यावरून मूळ मुद्द्याकडे येतो. 'पिस्तूल कुठलं घेऊ' हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. आधी वस्तू, मग तिच्यासाठी कारण. आधी ठरवायचं असतं कुठला प्रकार खेळणार, मग सराव कुठे करणार, मग तुमचा हात कसा आहे, मग दुरुस्ती कोण करणार. पिस्तुलाचं नाव सगळ्यात शेवटी, आणि तोवर ते बहुतेक वेळा आपोआप ठरलेलं असतं. प्रॅक्टिकल शूटिंग मला आजही आवडतं. उद्या आपल्याकडे ते नीट, रेंजवर, कडक नियमांत खेळायची सोय झाली तर मी रांगेत पहिला असेन. पण ती सोय मागायचा हक्क आधी शिस्तीने कमवावा लागेल, आणि ती शिस्त दहा मीटरवर फुकट शिकायला मिळते.

आणि दहा मीटर म्हणजे किती हो? भोरमधलं कुठलंही मंगल कार्यालय घ्या. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल ओस पडलेले असतात. पंधरा मीटर लांबीची जागा, मागे भक्कम भिंत, छर्रे अडवायच्या पेट्या, टार्गेटवर चांगला उजेड, शिकवणारा एक जबाबदार माणूस आणि क्लबची दोन पिस्तुलं. पांढऱ्या गाडीच्या टायरांच्या खर्चात निम्मं काम होईल. माझ्यासारख्या चार जणांनी स्वतःसाठी चार पिस्तुलं घेण्याऐवजी दोन तिथे ठेवली तर तालुक्यातली वीस पोरं शिकतील. मी हे भोरमध्ये दोघा-तिघांशी बोललोय. एकाने विचारलं, "त्यात पिक्चरवाले येतील का?" पण नाही म्हणालेला नाही कोणी अजून.

गेल्या महिन्यात पिस्तूल घेऊन वेल्ह्याला गेलो होतो. कुलूपबंद पेटीत, सिलिंडर वेगळं. (एका मित्राला ते तोरण्यावर नेऊन फोटो काढायचे होते. त्याला पेटीसुद्धा दाखवली नाही.) मामाने पडवीत ते उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाला, "याला कंबरंला कसं लावायचं?" म्हटलं, "लावायचंच नसतं मामा." तो काहीच बोलला नाही. मग त्याची नात आली, तेरा वर्षांची. तिला रिकामं पिस्तूल धरायला दिलं, नळी भिंतीकडे, बोट बाहेर. माझी मूठ तिच्या हाताला फारच मोठी, दहा सेकंदांत हात थरथरायला लागला. तिला म्हटलं, आत्ता पिस्तूल नको, पाण्याची एक लिटरची बाटली घे, भरली की किलोभर होते. ती सरळ हातात धरून रोज एक मिनिट उभी राहा, मग बघू.

परवा तिचा फोन आला. पन्नास सेकंदांपर्यंत आलीय. आजोबा चाळीसलाच दमतात म्हणे.

म्हणजे मामा पण बाटली धरून उभा राहतोय.

बघा, तुम्हीही धरून बघा. पिस्तूल कुठलं घ्यायचं ते नंतर बोलू.